पाय रुतत नाही, म्हणून उतार पक्का समजायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका ट्रेकरने गुलमर्गला स्कीइंगचे दोन कोर्स केले आहेत. येत्या फेब्रुवारीत चार मित्र मिळून गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन, तपासलेल्या हद्दीच्या दोरीबाहेर, अफरवत डोंगराच्या उघड्या उतारांवर जायचं ठरतंय. सोबत स्थानिक गाइड असेल. त्यांनी विचारलंय : "हिमवृष्टी थांबून दोन दिवस झालेत, आकाश निरभ्र आहे आणि बुलेटिनमध्ये हिमस्खलनाचा धोका मध्यम आहे, असं असेल तर जायला हरकत नाही ना? शिवाय वाऱ्याने दाबलेला बर्फ टणक असतो, त्यात स्की रुतत नाही. म्हणजे भुसभुशीत बर्फापेक्षा तो बरा नाही का? मग त्याची एवढी भीती का घालतात? आणि गाइड चांगला आहे हे ओळखायचं कसं?"

मी गेले चौदा हिवाळे गुलमर्गला काढतोय, जानेवारी ते मार्च. लोकांना स्की टूरिंगला नेणं हे माझं काम. तुमचा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि विचारणारा बहुतेक वेळा सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर असतो. त्यात नवल नाही. आपण कातळावर वाढलो. पाऊल ठेवून पाहायचं, दगड हलला नाही की भार टाकायचा. घसारा दिसला की जपायचं, पक्का कातळ लागला की सुटकेचा श्वास सोडायचा. ही सवय बर्फावर उलटी पडते. तिथे पायाला पक्का वाटणारा थर कधी कधी सगळ्यात कच्चा असतो, आणि मांडीपर्यंत रुतणारी भुकटी त्या दिवशी निरुपद्रवी असू शकते.

तुम्ही विचारताय की बर्फ थांबून किती दिवस झाले म्हणजे चालेल. मी त्याआधी विचारतो की वारा थांबून किती वेळ झाला, आणि पडलेला बर्फ गेला कुठे.

आभाळातून पडणारा बर्फ सगळीकडे साधारण सारखा पडतो. वारा सुटला की तो पुन्हा वाटला जातो. ताजा, हलका बर्फ असेल तर ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वाऱ्यालाही जमिनीलगत सरपटू लागतो. तीस-चाळीस-पन्नासच्या वाऱ्यात धारेची एक बाजू खरवडून निघते आणि तो सगळा माल पलीकडे आडोशाला जाऊन पडतो. तिथे तो आभाळातल्या हिमवृष्टीपेक्षा कितीतरी वेगाने साचतो, कधी कधी दहा पटीने. म्हणजे गुलमर्गच्या मैदानावर वीतभर बर्फ पडला आणि तुम्ही "फार काही पडला नाही" म्हणालात, तरी वर धारेच्या आड एखाद्या घळीत कमरेएवढा भराव झालेला असू शकतो. आणि हे सगळं लख्ख उन्हातही चालू असतं. आकाश निळंभोर, फोटो काढावेत असं, आणि धारेवरून पांढरा पदर उडतोय. त्या उतारापुरतं पाहिलं तर तिथे हिमवृष्टी चालूच आहे. तुमचे "दोन दिवस" अजून सुरूच झालेले नाहीत.

आता टणकपणाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. खळ्यावरची उफणणी आठवा. वारा निवडून निवडून टाकतो, जड ते जवळ आणि हलकं ते लांब. बर्फाच्या बाबतीत तो आणखी एक काम करतो. चांदणीसारखे पाकळ्यांचे कण आपटत, उड्या मारत नेताना त्यांच्या पाकळ्या मोडतात आणि बारीक चुरा उरतो. आडोसा आला, वारा मंदावला, की तो चुरा खाली बसतो. इतका बारीक असल्यामुळे घट्ट बसतो आणि काही तासांत कण एकमेकांना चिकटतात. तयार होते ती लादी. इंग्रजी बोलणारे विंड स्लॅब म्हणतात, मी गटात लादीच म्हणतो. लगेच डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं.

लादी स्वतः मजबूत असते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती कशावर बसली आहे? उतरता ओटा करा, त्यावर मोहरी पसरा आणि वर शहाबादी फरशी ठेवा. फरशीत काही दोष नाही. दोष मोहरीत आहे. बर्फात ही मोहरी म्हणजे आधी पडलेला आणि वाऱ्याने न चुरडलेला मऊ थर, किंवा निरभ्र थंड रात्री पृष्ठभागावर उगवलेली पिसासारखी हिमकणी, किंवा तळाशी साखरेसारखा सुटा झालेला जुना बर्फ. तुम्ही लादीवर गेलात की वजन खाली पोचतं, कच्चा थर एका जागी बसतो, आणि तो बसणं लादीखालून सपाट्याने पसरत जातं. मग वरच्या बाजूला तडा जातो आणि अख्खा तुकडा तुम्हाला घेऊन निघतो. भुसभुशीत बर्फ बहुधा तुमच्या पायापासून सुटतो आणि खाली पसरत जातो, त्यामुळे तुम्ही त्याच्या वरच्या टोकाला असता. लादी मात्र तुमच्या डोक्याच्या वर तुटते. तुम्ही मधोमध असता.

टणक लादीचा घातकपणा असा की ती तुम्हाला आत येऊ देते. मऊ लादी पहिल्याच वळणाला तडकते, तुम्ही काठावर असता आणि निसटता येतं. कडक लादी भार लांबवर वाटून घेते, पहिले दोघे आरामात उतरतात, आणि तिसरा जरा डावीकडून जातो जिथे ती पातळ आहे. पातळ जागी वजन कच्च्या थरापर्यंत पोचतं. म्हणून "आधीचे दोघे गेले की" हा पुरावा नाही. तुमची स्की रुतत नाही यावरून एवढंच कळतं की वरचा थर घट्ट आहे.

गुलमर्गचा भूगोल इथे समजून घ्या, कारण नुसत्या नियमांनी काही होत नाही. हिवाळ्यात इकडे बर्फ आणणारे झंझावात पश्चिमेकडून येतात, हवामानवाले ज्यांना वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. अफरवतच्या धारेवर वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून चढतो. गुलमर्गकडे तोंड केलेले, म्हणजे आपण सगळे ज्यांवर डोळा ठेवून असतो ते उतार ढोबळमानाने पूर्व-ईशान्येकडचे. म्हणजे वाऱ्याआडचे. चांगला बर्फ तिथे साचतो म्हणून स्कीइंग तिथे चांगलं, आणि लादीही त्याच कारणाने तिथेच.

दुसरी गोष्ट गोंडोलाची. दुसरा टप्पा तुम्हाला जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो, आणि जोराचा वारा असला की तो बंद ठेवतात. दोन दिवस बंद, लोक हॉटेलात चुळबुळत बसलेले. तिसऱ्या दिवशी वारा पडतो, ऊन येतं, टप्पा उघडतो आणि पहाटेपासून रांग लागते. विचार करा, तो बंद का होता? त्या दोन दिवसांत वर काय चाललं होतं? गोंडोला उघडण्याचा दिवस हा लाद्या ताज्या असण्याचा दिवस असतो. मधली मुख्य दरी स्की पॅट्रोल तपासते, गरज पडली तर स्फोट करून भराव पाडते आणि मगच उघडते. दोरीच्या बाहेर, दोन्ही बाजूंना, हे काम कोणी केलेलं नसतं. आत आणि बाहेर बर्फ एकच दिसतो, हीच अडचण आहे.

तिसरी गोष्ट काळाची. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात. कडाक्याची थंडी याच काळात. या काळात बर्फ कमी पडला आणि रात्री निरभ्र राहिल्या तर जमिनीलगतचा थर साखरेसारखा सुटा होत जातो. मग फेब्रुवारीत मोठे झंझावात येतात आणि त्या साखरेवर वजन चढतं. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला, आणि त्या वर्षीचा जानेवारी तर जवळजवळ कोरडा होता. तिन्ही तारखा फेब्रुवारीतल्या आहेत. तुम्हीही फेब्रुवारीच निवडलाय, आणि त्यात तुमची चूक नाही. सगळ्यात सुंदर बर्फ तेव्हाच असतो.

बुलेटिनबद्दल. डीजीआरई, म्हणजे डीआरडीओची बर्फ आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संस्था (मनालीची जुनी सासे हिच्यातच विलीन झाली), जिल्हावार इशारे देते. ते रोज वाचाच. पण ते जिल्ह्यासाठी आणि उंचीच्या पट्ट्यासाठी असतात, तुमच्या घळीसाठी नाहीत. धोक्याच्या आंतरराष्ट्रीय पाच पायऱ्यांमधली दुसरी पायरी, तुमचं "मध्यम", याचा अर्थ असा की बहुतेक उतार ठीक आहेत, काही विशिष्ट जागी एका माणसाच्या वजनाने हिमस्खलन होऊ शकतं. वाऱ्याचा बर्फ असेल तर त्या विशिष्ट जागा कोणत्या? धारेखालचे, घळींतले, आडोशाचे उतार. म्हणजे तुम्ही जिथे जाणार आहात तेच. मैदानात चालणाऱ्यासाठी आणि तुमच्यासाठी त्या "मध्यम"चा अर्थ एक नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. सकाळी नून चायचा पेला घेऊन बाहेर येतो आणि दहा मिनिटं फक्त धारेकडे बघतो. पदर उडतोय का, कोणत्या बाजूला, किती लांब. आदल्या संध्याकाळीही हेच केलेलं असतं. वर गेल्यावर कॉर्निस बघतो, म्हणजे धारेच्या काठावर बाहेर लोंबणारा बर्फाचा सज्जा. सज्जा ज्या बाजूला झुकलेला असतो त्याच्या खाली भराव. (त्यावर उभं राहून फोटो काढू नका. तो वाटतं त्याच्या बराच मागून तुटतो.) वाऱ्याकडच्या अंगाला बर्फ खरवडून नांगरटीसारखे चरे पडलेले असतात. तिथे स्कीइंग करताना दात वाजतात, पण लादीच्या दृष्टीने ती बाजू सहसा बरी. त्याच्या उलट जागा गुळगुळीत, फुगीर, गादीसारखी, खडूसारखी निस्तेज पांढरी दिसली की मी थांबतो.

चढताना काठी उलटी धरून बर्फात दाबतो. वर कडक आणि खाली एकदम पोकळ सुटल्यासारखं लागलं की ते लक्षण वाईट. स्की आपटली की डग्ग्यावर थाप पडल्यासारखा पोकळ घुमार येतो का, तेही ऐकतो. स्कीच्या टोकापासून काचेला जाते तशी चीर धावली, किंवा पायाखालून "धुप्प" असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खाली बसला, तर पुढे चर्चा नाही. त्याच दिशेला तोंड केलेला, तेवढाच तिरपा कोणताही उतार त्या दिवशी बंद. मोठ्या उतारावर जाण्याआधी आठ-दहा फुटांचा, खाली काही धोका नसलेला, त्याच तोंडाचा छोटा बांध शोधून त्यावर मुद्दाम उड्या मारतो. तो तडकला तर मोठ्याचं उत्तर फुकटात मिळालं.

आणि फसवणारी एक गोष्ट : भराव फक्त धारेखालीच असतो असं नाही. वारा उताराच्या आडवाही वाहतो. मग प्रत्येक सोंडेच्या एका अंगाला, प्रत्येक नाळेच्या एका काठाला उशीसारखा बर्फ साचतो. नाळ चढताना डावी बाजू खरवडलेली आणि उजवी भरलेली, असं हाताच्या अंतरावर बदलतं.

यातच मी एकदा सापडलोय. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या मध्यावर, असाच निरभ्र दुसरा दिवस. सकाळी धार धुरकटलेली पाहिली होती. तरी गटाला आदल्या दोन दिवसांत काही मिळालं नव्हतं, आणि मला चांगला उतार द्यायचा होता. खाली खड्डा खणून, बर्फाचा खांब कापून त्यावर टपल्या मारायची चाचणी केली, तीस टपल्यांतही काही तुटलं नाही. मनाला हवं ते उत्तर मिळालं. पण खड्डा मी जिथे खणायला सोपं होतं तिथे खणला होता, भराव नसलेल्या जागी. चाचणी बरोबर होती, फक्त दुसऱ्याच उताराची होती. वर नाळेच्या कडेला एका उशीवर वळलो आणि स्कीपुढून चीर गेली. लादी हातभर जाडीची होती, माझ्या पाच-सहा मीटर वर तुटली. वीसेक मीटर वाहत गेलो, बर्फाच्या वर राहिलो, एक स्की हरवली. ती एप्रिलमध्ये एका गुराख्याला सापडली. तो उतार लहान होता आणि खाली रुंद, म्हणून मी हे लिहितोय. तीच लादी अरुंद घळीत असती तर खाली सगळा बर्फ एका जागी साठला असता. लहान स्खलनही घळीत माणसाला गाडतं.

तेव्हापासून खड्डा खणणं मी सोडलं नाही, पण त्याचा उपयोग बदलला. खड्ड्याने "नको" सांगितलं तर ऐकतो. "हो" सांगितलं तर ते एक मत म्हणून नोंदवतो. निर्णय उताराच्या कोनावरून घेतो, कारण तो वाऱ्याने बदलत नाही आणि मोजता येतो. लाद्या बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, सगळ्यात जास्त अडतिसाच्या आसपास. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, काठी उतारावर आडवी ठेवून त्यावर फोन ठेवा. अंदाजाने सांगू नका, नवखा माणूस पस्तीसला पंचेचाळीस म्हणतो आणि सरावलेला तिसाला पंचवीस. वारा झालेला असेल तर मी तिसाच्या खाली राहतो, आणि डोक्यावर तिसाच्या वरचा भरलेला उतार टांगलेला नाही ना, ते बघतो. पंचविसाच्या उतारावर उभं राहून वरून आलेल्या लादीखाली गाडलं जाणं सहज शक्य आहे.

आता "किती दिवस थांबायचं" याचं उत्तर, आणि ते परिस्थितीवर ठरतं. लादी साध्या ताज्या बर्फावर बसली असेल तर वारा पूर्ण पडल्यावर एक-दोन दिवसांत, कधी तीन-चार दिवसांत खालच्या थराशी जुळते. थंडी कडक असेल तर हे काम सावकाश होतं. खाली हिमकणीची पिसं किंवा साखर असेल तर आठवडेही लागतात, आणि मधल्या काळात वरून काहीच दिसत नाही. म्हणून तुमच्या हातात सहा दिवस असतील तर त्यातला पहिला मोठ्या उतारासाठी ठेवू नका, आणि शेवटचाही नको, कारण शेवटच्या दिवशी माणूस हट्टाला पेटतो. वाऱ्याच्या दिवसांसाठी जंगल आहे. बाबा रेशीकडे उतरणारी झाडी किंवा द्रंगच्या बाजूचं जंगल. झाडं वारा अडवतात, बर्फ सारखा पडलेला राहतो, आणि खरं सांगू, झाडांमधून उतरण्यात जी गंमत आहे ती उघड्या उतारावर नाही. फक्त जंगलातल्या मोकळ्या पट्ट्या आणि नाळा टाळा. तिथे झाडं का नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारा.

सामानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा माग लावणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं. सहा जणांत दोन बीकन, ही मी पाहिलेली गोष्ट आहे, त्याला अर्थ नाही. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसांच्या युरोपातल्या नोंदींवरून दिसतं की पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर काढलं तर दहातली नऊ वाचतात, पस्तीस मिनिटांनी साधारण तिघांतला एक. गुलमर्गला मदत येते, चांगली येते, पण पंधरा मिनिटांत नाळेत पोचत नाही. तेव्हा तुम्हाला शोधणारे म्हणजे तुमचे तीन मित्र आणि गाइड. म्हणून उतारावर एका वेळी एकच, बाकीचे अशा जागी उभे जिथून तो दिसतो आणि जिथे स्खलन येत नाही. आणि त्या मित्रांनी पुण्यातच एखाद्या मैदानात बीकन लपवून शोधायचा सराव करून यावा. मीटरभर वाळूच्या ढिगात फावडं चालवून बघा. हात किती लवकर भरून येतात ते तिथेच कळेल.

गाइड चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं, असंही तुमच्या प्रश्नात शेवटी डोकावतंय. पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांना विचारा : काल वर वारा कुठून होता, आणि त्यामुळे उद्या आपण कुठे जाणार नाही? ज्याला खरंच माहीत आहे तो हात करून धारेचा एक भाग दाखवेल, बहुतेक वेळा न विचारता दुसराही दाखवेल. "सब ठीक है, टेन्शन नहीं" एवढंच उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी बाबा रेशीचं जंगल मागा आणि त्या रात्री दुसरा गाइड शोधा.